नीलू, तू स्लेजवर का बसली नाहीस

नीलू, तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. सगळ्यांचं रडून झालं. मला काही रडू येत नाहीये, कारण मला आधी तुझ्याशी भांडायचंय, आणि नेहमीप्रमाणे ऐन भांडणाच्या वेळी तू जागेवर नाहीस.

परवा क्रिमेटोरियममध्ये लोक तुझ्याबद्दल काय काय बोलले ते ऐकायला हवं होतंस. तुझ्या डिपार्टमेंटमधली सिस्टर म्हणाली, डॉक्टर नीलिमा कधी कशाला घाबरल्याच नाहीत. मंडळातलं कुणीतरी म्हणालं, अठ्ठावन्नाव्या वर्षी स्कीइंग शिकली, आयुष्य कसं जगावं ते तिच्याकडून शिकावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत बसून रुमाल पिळत होते. उठून ओरडावंसं वाटत होतं, की शूर कसली, हट्टी होती! एक नंबरची हट्टी! पण आपला स्लॉट चाळीस मिनिटांचा होता, पुढची मंडळी बाहेर उभी होती, आणि इराने माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

तुझी लेक सध्या काय करतेय ते सांगते. ती ईलिंगहून येऊन मिल्टन कीन्सला तुझ्या घरात राहिली आहे, तुझ्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसली आहे आणि डंकनविरुद्ध तक्रार लिहितेय. तुझ्या स्की क्लबच्या डंकनविरुद्ध. त्याने म्हणे तुला पडलेलं पाहिलं आणि तसंच जाऊ दिलं. चौसष्ट वर्षांच्या बाईचं डोकं आपटलंय, आणि हा माणूस तिला सरळ घरी पाठवतो. इराच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं. पण हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे जगात आता दोघांनाच माहीत आहे, डंकनला आणि मला. डंकन बोलत नाही. मी बोलू नये म्हणून तू माझ्याकडून शब्द घेऊन मोकळी झालीस.

मला तुझं ते स्कीइंग कधी कळलंच नाही, हेही आज सांगून टाकते. विलास गेल्यावर तू एकटी पडलीस, तेव्हा मला वाटलं होतं तू भजनी मंडळात येशील, नाहीतर निदान माझ्याबरोबर चालायला तरी. तू मात्र एका शनिवारी गाडी काढलीस, घरापासून दहा मिनिटांवरच्या त्या इनडोअर बर्फाच्या उतारावर गेलीस आणि सात-आठ वर्षांच्या पोरांच्या क्लासात नाव घातलंस. मला फोन करून म्हणालीस, "शुभा, अगं मी आज बावीस वेळा पडले! बावीस! आणि कुणी सुद्धा मला विचारलं नाही, डॉक्टर, आता काय करायचं." मी म्हटलं, तुझं डोकं फिरलंय. तू म्हणालीस, "फिरू दे. तीस वर्षं सरळ ठेवलं होतं ना?"

मग एका ओळखीच्या ओळखीने तुला ती हायलँड्समधली दरी सापडली. मोठ्या रिसॉर्टांत तुला रस नव्हता. तुला आवडला तो जुना क्लब, ज्याची माणसांना दोराने उतारावर ओढून नेणारी एकच टो होती, आणि ती टो ट्रॅक्टरच्या इंजिनावर चालायची. डंकनच्या वडिलांनी आणि त्यांच्या मित्रांनी ती उभारली होती. डोंगरावरची लाकडी हट बांधायला त्या माणसांनी फळ्या पाठीवर वाहून नेल्या होत्या. हे सगळं तू मला इतक्यांदा सांगितलंस की मला फळ्यांची संख्यासुद्धा पाठ झाली असती. तिथला बर्फ वाऱ्याने उडून जातो म्हणून उतारावर लाकडी कुंपणं घालतात आणि त्यांच्या आडोशाला बर्फ साठवतात, हेही मला तुझ्यामुळेच कळलं. दर ऑक्टोबरला ती कुंपणं दुरुस्त करायला तू रजा काढून जायचीस. अ‍ॅक्सिडेंट अँड इमर्जन्सीची कन्सल्टंट बाई हातात हातोडा घेऊन पावसात खिळे ठोकतेय! घरी कधी भिंतीला कॅलेंडर लावलं नाहीस, त्यासाठी विलासला हाका मारायचीस.

डंकन सत्तरीचा. अबोल, मेंढ्या राखलेला माणूस. टो चालवायचा, पेट्रोलिंग करायचा, पडलेल्यांना स्लेजवर घालून रस्त्यापर्यंत न्यायचा, हटमधला स्टोव्ह पेटवायचा. तुला तो नुसतं "डॉक्टर" म्हणायचा आणि तुझा चिवडा डबा संपेपर्यंत खायचा. गेल्या चार-पाच वर्षांत बर्फ कमी झाला, तरुण माणसं येईनाशी झाली, तेव्हा तू त्याला म्हणायचीस, आपण दोघं मरेपर्यंत तरी ही टो बंद पडणार नाही. बघ, बोलताना काही विचार करायची सवयच नव्हती तुला.

दोन वर्षांपूर्वी तू मला एकदा पायात स्की बांधून उभं केलंस. मुलांच्या उतारावर, खाली तू, वर मी, आणि माझ्या दंडाला धरून डंकन. तू खालून ओरडलीस, "गुडघे वाकव आणि माझ्याकडे बघ. बाकी काही करू नकोस, बाकीचं उतार करतो." मी जेमतेम दहा-बारा फूट आले आणि आडवी झाले, आणि मग मला इतकं हसू फुटलं की उठताच येईना. तूही शेजारी येऊन बसलीस बर्फात. किती वर्षांत अशी हसले नव्हते गं मी. ते तू मला दिलंस, ते मी विसरणार नाही. हे मुद्दाम मध्येच लिहितेय, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यात माझ्या तोंडून तुझ्यासाठी चांगला शब्द निघणार नाही.

तो गुरुवार. दुपारचे अडीच. हटमध्ये आपण थालीपीठ खाल्लं, डंकनलाही दिलं. वारा सुटला होता आणि मी तुझ्या मागे लागले, कान बांध, कान बांध. मीच विणलेली कानटोपी तुझ्या हातात दिली. तू म्हणालीस, "हेल्मेट आहे की." मी म्हटलं, हेल्मेटने कान झाकले जात नाहीत, आत घाल, थंडी मेंदूत जाते. मी, जीपी, फॅमिली डॉक्टर, तीस वर्षं लोकांना सर्दी-खोकल्यात औषध नको म्हणून सांगणारी, म्हणाले की थंडी मेंदूत जाते! माझी आई म्हणायची ते. तू हसलीस, माझं मन मोडायला नको म्हणून टोपी घातलीस आणि वर हेल्मेट चढवलंस. ते नीट बसेना. जाड लोकरीवर ते वर आलं आणि पट्टा हनुवटीपर्यंत पोचेना. डंकनने दारातून पाहून सांगितलं, खाली टोपी नको. तू म्हणालीस, एकच फेरी आहे शेवटची. पट्टा तसाच लोंबत राहिला.

मी हटच्या बाहेर थर्मास घेऊन उभी होते. कुंपणाच्या टोकाला बर्फ संपून नुसतं झुडूप होतं, तिथे तुझी स्की अडकली. तू मागे पडलीस. हेल्मेट उडून घरंगळत गेलं आणि तुझं डोकं कुंपणाच्या खांबावर आपटलं. आवाज मी ऐकला, नीलू. तो मला अजून ऐकू येतो. भांडी घासताना, गाडी रिव्हर्स घेताना. कधीही.

डंकन दोन-तीन मिनिटांत स्लेज घेऊन खाली आला. त्या वयात धावत. गुडघ्यावर बसला, मान हलवू नका म्हणाला, ब्लँकेट काढलं. रस्त्यापर्यंत स्लेजवर नेतो, तिथे अँब्युलन्स बोलावतो, असं म्हणाला. आणि तू काय केलंस? उठून बसलीस. बर्फ झटकलास. "डंकन, मी आयुष्यभर हेच काम केलंय. माझं डोकं मला कळतं." तो म्हणाला, तरीही बसा, डॉक्टर. तू म्हणालीस, त्या अँब्युलन्सची कुणाला तरी खरी गरज असेल, मी उगाच कशाला अडवून ठेवू. आपल्याला कुणाला त्रास द्यायचा नसतो ना! आपण जन्मभर दुसऱ्यांच्या दारात उभं राहायचं, आपल्या दारात कुणी यायचं नाही.

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो म्हणाला, "तुम्हीही डॉक्टर आहात. तुमचं काय मत?"

तू माझ्याकडे बघत होतीस. मला ती नजर माहीत आहे. आपण हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये एका भिंतीआड राहायचो तेव्हापासून माहीत आहे. त्या दिवसांत माझे अण्णा गेले आणि तू माझ्या आठवडाभराच्या ड्यूट्या केल्यास, मला विमानतळावर सोडलंस, माझ्या पर्समध्ये दोन सँडविच कोंबलेस आणि म्हणालीस, विचार करू नकोस, मी सांगते तसं कर. तेव्हापासून मी तू सांगशील तसं करत आले. घर कुठलं घ्यायचं, कुठल्या प्रॅक्टिसमध्ये जायचं, पोरांना कुठल्या शाळेत घालायचं. तू मला चिडवायचीस, "तू जीपी, तू फक्त रेफर कर. डिसिजन मी घेते." मी हसायचे. पस्तीस वर्षं हसले.

आणि मी डंकनला म्हटलं, ती ठीक आहे.

दोन डॉक्टर म्हणताहेत ठीक आहे, मग तो बिचारा मेंढपाळ काय करणार? त्याने स्लेज रिकामी वर नेली. हटच्या वहीत लिहिलं, पडल्या, उपचार नाही. तू नकार दिलास असं लिहिलं नाही. तुझी लाज राखली त्याने. आता त्याच ओळीचा फोटो इराने मागवून घेतलाय आणि तोच ती सगळ्यांना दाखवतेय.

आपल्या भाड्याच्या कॉटेजवर जाताना गाडीत तू माझा हात धरलास. "इराला कळता कामा नये. ती मला परत इथे येऊ देणार नाही. शुभा, माझ्याकडे एवढं एकच आहे गं. प्रॉमिस कर." मी केलं. संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणालीस, वर चष्म्याचा नंबर बदललाय म्हणालीस. नीलू! डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक पेशंटच्या हातात तू एक पत्रक द्यायचीस. एकटं राहू नका, डोकं दुखलं, उलटी झाली तर ताबडतोब परत या. ते तू स्वतः सोप्या इंग्रजीत लिहून घेतलं होतंस, मराठी आज्ज्यांना वाचता येईना म्हणून माझ्याकडून मराठीत करून घेतलं होतंस. त्यातली एकेक ओळ आपल्या दोघींना पाठ होती. आणि आपण दोघी वरणभात खात बसलो.

सकाळी तू चहा साखरेच्या भांड्यात ओतलास आणि मला "आई" म्हणालीस. मग अँब्युलन्स आली, मग हेलिकॉप्टर आलं. जी माणसं तुला अडवून ठेवायची नव्हती ती सगळी आली. हॉस्पिटलमध्ये मला विचारलं, औषधं काय चालू आहेत? मी म्हटलं, काही नाही. मग तुझ्या बॅगेत ती गोळी निघाली, रक्त पातळ करण्याची. आठ महिने घेत होतीस. हृदयाचे ठोके अनियमित झाले होते, आणि तू ते मला सांगितलं नव्हतंस. मला! तापसुद्धा मला फोनवर सांगणाऱ्या बाईने! ते मला माहीत असतं तर मी त्या बर्फात तुझ्या छाताडावर बसून तुला स्लेजला बांधलं असतं. निदान तसं मी स्वतःला सांगते. पण खरं सांगू का, तेव्हाही तू माझ्याकडे तसं पाहिलं असतंस तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. याचाच मला जास्त राग येतो.

तिसऱ्या दिवशी तू गेलीस. कॉरिडॉरमध्ये इराने मला विचारलं, "मावशी, आई पडला तेव्हा तू कुठे होता?" तिचं मराठी घाबरल्यावर असं मोडतं. मी म्हटलं, मी हटमध्ये होते, चहा करत होते, मी पाहिलं नाही.

तुझ्यासाठी म्हटलं असं मी स्वतःला पटवलं. तुला दिलेला शब्द. पण त्या वाक्यात तुझं काहीच नव्हतं, नीलू. कानटोपी माझी होती, "ती ठीक आहे" माझं होतं.

इथवर काल लिहून थांबले होते. पुढचं आज लिहितेय.

आज सकाळी मेडनहेडहून निघाले आणि तुझ्या घरी गेले. मिल्टन कीन्सच्या त्या राउंडअबाउटांवर आजही दोनदा चुकले. इराने दार उघडलं. टेबलावर लॅपटॉप, शेजारी थंड झालेली कॉफी आणि एक पत्र.

"हा पत्र वाच," ती म्हणाली. "त्या डंकनचा आहे. ही इज अ‍ॅडमिटिंग इट, मावशी."

पत्र हाताने लिहिलेलं होतं. मोठी, वाकडी अक्षरं. त्याने लिहिलं होतं, की तुमच्या आईला मी जाऊ द्यायला नको होतं. मी जास्त आग्रह धरायला हवा होता. त्या दिवसापासून मी टो सुरू केलेली नाही आणि आता करणारही नाही. क्लबच्या किल्ल्या मी परत दिल्या आहेत. तुम्हाला जे लिहायचं ते लिहा, मी काही म्हणणार नाही. तुमची आई कुंपणं फार छान दुरुस्त करायची.

त्यात तुझा नकार नव्हता. माझं नाव नव्हतं. मी शोधलं, नीलू. दोनदा वाचून शोधलं. त्याने निदान एका ओळीत मला दोष दिला असता तरी मला बरं वाटलं असतं.

"आय अ‍ॅम सेंडिंग इट टुडे," इरा म्हणाली. "इन्शुरन्सला, कौन्सिलला, सगळ्यांना. असे लोक मुलांना घेऊन जातात वरती, मावशी. कुणाचं तरी अजून मरेल."

मी खुर्चीत बसले आणि तिला सांगितलं. सगळं, ओळीने. कानटोपी, पट्टा, खांब. स्लेज आली होती, त्याने तुला बसायला सांगितलं होतं, तू बसली नाहीस. मी म्हटलं, मग त्याने मला विचारलं. मग मी म्हटलं, ती ठीक आहे. मी हटमध्ये नव्हते, इरा. मी वीस पावलांवर होते.

तुझी लेक तुझ्यासारखी ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "पण तू तर डॉक्टर आहे ना?"

मी म्हटलं, हो.

"आणि तू तिचं ऐकलं."

मी म्हटलं, हो. मी नेहमीच ऐकायचे.

ती उठून खिडकीशी गेली. बाहेर रेडवेच्या सायकलवाटेवर कुणीतरी मुलाला सायकल शिकवत होतं. मी तिच्याजवळ जाऊ का नको ते मला कळेना, म्हणून मी बसूनच राहिले. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं आता ती मला निघून जायला सांगेल, आणि सांगितलं तर मी जाईन, आणि पुन्हा या घरात माझं काही उरणार नाही. तुझ्यामागे मला माझं असं एवढं एकच माणूस राहिलंय, नीलू. तुझं गुपित राखायचं म्हणून मी तिला गमवायला निघाले होते. तुला दिलेला शब्द मी मोडलाय, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तो दिला याचं वाटतं, आणि तू तो मागितलास याचा मला मरेपर्यंत राग राहील.

मग इरा परत आली. तिने तक्रारीचं पान बंद केलं. सेव्ह करू का असं स्क्रीनवर आलं, तिने नको म्हटलं. कोरं पान उघडलं आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"मला आत्ता तुझ्याशी बोलता येणार नाही, मावशी," ती म्हणाली. "पण त्याला तू लिही. आत्ता. मी इथेच बसते."

ती समोर बसली. डोळे लाल, हाताची घडी. मी आयुष्यात हजारो पत्रं डिक्टेट केलीत, कन्सल्टंटांना, सोशल सर्व्हिसेसना, वकिलांना. ह्या पत्राची पहिली ओळ मला तीन वेळा लिहावी लागली. डिअर डंकन, तुम्ही जास्त आग्रह धरायला हवा होता असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही दोनदा विचारलंत. दुसऱ्यांदा मला विचारलंत, आणि नको म्हणणारी मी होते.